डबे आणि बाण काढता येतात, आर्किटेक्चर कुठे शिकायचं?

हिंजवडी_बॅकएंड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जावा, स्प्रिंग बूट, ओरॅकल यात बरीच वर्षं गेली. कोड लिहिणं, दुसऱ्याचा तपासणं, प्रॉडक्शनला काही फाटलं की मध्यरात्री लॅपटॉप उघडणं, हे सगळं अंगवळणी पडलंय. आता मॅनेजरने 'आर्किटेक्ट ट्रॅक'वर टाकलंय आणि पहिलंच काम आलंय ते एका बिगर-बँक वित्तसंस्थेच्या कर्जप्रणालीचं. सध्या सगळं एकाच ओरॅकल डेटाबेसवर चालतं. अगडबंब पीएल-एसक्यूएल पॅकेजेस (डेटाबेसच्या आतच लिहिलेला कोड), त्यातली काही लिहिणारे आता कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही. रात्री डे-एंडची बॅच, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करणारं काम. क्लायंटला हे फोडून मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे छोटे स्वतंत्र प्रोग्राम, हवेत.

मी मन लावून चित्र काढलं. मंजुरी, वितरण, वसुली, लेखा, ग्राहक, सूचना अशा सहा सर्व्हिसेस, मधे निरोप पोचवायला काफ्का, पुढे विनंत्या घ्यायला एपीआय गेटवे, खाली हे सगळं चालवायला कुबरनेटिस. दिसायला झकास. रिव्ह्यूला क्लायंटच्या लेखा विभागातल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी आलेला हप्ता कुठल्या तारखेला धरणार?" मी म्हटलं, ते डिटेल डिझाइनमध्ये बघू. त्या हसल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

यूट्यूबवर 'ट्विटर डिझाइन करा', 'उबर डिझाइन करा' छापाचे व्हिडिओ भरपूर पाहिलेत. मुलाखतीला ते चालतात, या कामात एकाचाही उपयोग होत नाहीये. टोगॅफ (आर्किटेक्चरच्या पद्धतीचं प्रमाणपत्र) करू का? क्लाउडचं सर्टिफिकेट करू का? मोठ्या सिस्टीमचं आर्किटेक्चर लोक नेमकं शिकतात कुठे?

---

पॅकेट_पाटील

टोगॅफ कर, पगार वाढेल. टेंडरमध्ये 'टोगॅफ प्रमाणित आर्किटेक्ट किती' असा रकाना असतो, तिथे तुझं नाव लागेल.

शिकण्याचं म्हणशील तर टोगॅफ १९९५ साली अमेरिकन संरक्षण खात्याच्या टॅफिम नावाच्या चौकटीतून आलं. त्याची सगळी भाषा अवाढव्य खात्यांची, समित्यांची आणि मंजुऱ्यांची आहे. ती भाषा मोठ्या क्लायंटकडे बोलावी लागते, म्हणून वाया जात नाही. पण बारा-पाचच्या हप्त्याचं उत्तर त्यात सापडणार नाही.

माझा एकच प्रश्न: या सहा सर्व्हिसेस सांभाळायला टीम किती? मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्ये लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशाच आकाराची सिस्टीम ती संस्था बनवते. एकच टीम असेल तर सहा सर्व्हिसेस कागदावर राहतील आणि सहाही एकाच रात्री एकत्र डिप्लॉय होतील. बघितलंय.

---

जमाखर्च

हिंजवडी, त्या बाईंना परत गाठा आणि चहा पाजा. त्यांनी तुम्हाला फुकटात जे दिलं त्यासाठी लोक कन्सल्टंटला पैसे मोजतात.

मी इचलकरंजीत पतसंस्थांसाठी फॉक्सप्रोमध्ये सॉफ्टवेअर लिहीत आले, पुढे कोअर बँकिंग, मग पेमेंट स्विच (बँकांमध्ये व्यवहार फिरवणारी यंत्रणा). कार्डावर 'आर्किटेक्ट' फार उशिरा छापलं गेलं, तोवर केस पिकले होते. त्यामुळे मी सांगते ते पैशाच्या सिस्टीमपुरतं धरा.

आधी तारखेचं बघू. कर्जप्रणालीत 'आज' म्हणजे सर्व्हरचं घड्याळ नव्हे. व्यवसायाची तारीख ही वेगळी वस्तू असते. डे-एंड झाला की ती पुढे सरकते, नाही झाला तर बाहेर कोंबडा आरवला तरी आत कालचाच दिवस चालू असतो. रिझर्व्ह बँकेचं १२ नोव्हेंबर २०२१ चं थकीत कर्जांच्या वर्गीकरणावरचं स्पष्टीकरण मिळवून वाचा. त्यात उदाहरण दिलंय: हप्ता ३१ मार्च २०२१ ला देय. त्या तारखेचा डे-एंड चालण्याआधी पूर्ण पैसे आले नाहीत, तर थकल्याची तारीख ३१ मार्च. तसंच थकीत राहिलं तर ३० एप्रिलला एसएमए-१ (एनपीएआधीची धोक्याची पायरी), ३० मेला एसएमए-२ आणि २९ जूनला एनपीए. आणि वर स्पष्ट म्हटलंय की डे-एंड प्रत्यक्षात किती वाजता चालवता याला महत्त्व नाही, शिक्का देय तारखेच्या डे-एंडचाच बसणार.

आता तुमचं चित्र समोर घ्या. वसुली सर्व्हिस तारीख कुठून घेते? आपल्या पॉडच्या (कुबरनेटिसवर चालणाऱ्या तिच्या प्रतीच्या) घड्याळातून. कंटेनर बहुतेक यूटीसीवर चालतात, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. १ एप्रिलला रात्री बारा-पाचला आलेला हप्ता त्या पॉडच्या लेखी ३१ मार्चला संध्याकाळी सहा-पस्तीसचा. लेखा सर्व्हिस कोणीतरी भारतीय वेळेवर लावली असेल, तर तिच्याकडे तोच हप्ता १ एप्रिलचा. एका सर्व्हिसने वेळेत भरलं म्हणायचं, दुसरीने थकलं म्हणायचं. ग्राहकाच्या क्रेडिट रिपोर्टवर काय जाईल ते ज्याची बॅच आधी पोचेल त्यावर. त्या बाई का हसल्या, कळलं?

जुन्या ओरॅकलमध्ये हा प्रश्नच नव्हता, कारण डेटाबेस एक, तारखेचं टेबल एक, बॅच एक. ते फोडायला घेतलंत की तारीख कोणाच्या मालकीची हे ठरवावं लागतं. माझं उत्तर: लेखा विभागाच्या सर्व्हिसची. बाकीच्यांनी ती विचारून घ्यायची, स्वतःचं घड्याळ काढायचं नाही. प्रत्येक व्यवहारावर दोन तारखा ठेवा, नोंद केव्हा झाली ती आणि पैसे कुठल्या दिवसाचे धरायचे ती. आणि थकबाकीची मोजणी सुरू होण्याआधी वसुलीकडून 'माझ्याकडचं ३१ मार्चचं सगळं पाठवून झालं, इतके व्यवहार, इतकी रक्कम' असा निरोप यायलाच हवा. तो येईपर्यंत मोजणी थांबते. चित्रात हा निरोप एक बारीकसा बाण असेल, पण सगळ्यात जास्त डोकं तिथे लागेल.

दुसरं, तुमच्या सहा सर्व्हिसेस म्हणजे फ्लोचार्ट आहे. मंजुरी, मग वितरण, मग वसुली. कामाच्या पायऱ्यांवरून भाग पाडू नका, जो निर्णय पुढे बदलेल असं वाटतं तो एकेका भागाच्या पोटात लपवा, असं संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मांडलं. अजून तेच खरं आहे. मग कर्जाच्या धंद्यात बदलतं काय? पायऱ्या नाही बदलत. सावकार बदलला तरी आधी मंजुरी मग वितरणच. बदलतात ते नियम. ताजं उदाहरण घ्या: १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आलं आणि दंडव्याज गेलं, त्याजागी दंडशुल्क आलं. ते व्याजदरात मिळवायचं नाही, त्यावर पुढे व्याज लावायचं नाही. आधी १ जानेवारी २०२४ पासून होतं, मग मुदत वाढून नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं.

तुमच्या चित्रात हा बदल कुठे कुठे जाईल ते बोटाने दाखवा. वसुलीत, कारण किती मागायचं ते तिथे. लेखामध्ये, कारण उत्पन्नाचं खातं वेगळं. सूचनेत, कारण एसएमएसमध्ये रक्कम जाते. ग्राहकाच्या खातेउताऱ्यात. मंजुरीतही, कारण करारपत्रात ते छापावं लागतं. एका परिपत्रकासाठी पाच ठिकाणी हात. कोणाच्या खात्यावर काय आकारायचं हे ठरवणारा भाग एकच ठेवला असता आणि बाकीच्यांनी त्याला नुसतं विचारलं असतं, तर नव्वद टक्के काम एका जागी झालं असतं. हाच प्रयोग मागच्या चार-पाच परिपत्रकांवर करा. प्रत्येकासाठी चित्रावर बोट फिरवा. कोर्स वगैरे नंतर.

आणि तिसरं, जे मला खरं सांगायचंय. बॅक ऑफिसमध्ये जाऊन बसा. डेव्हलपरांशेजारी नको, जिथे ताळमेळ लावतात तिथे. तिथली प्रत्येक एक्सेल म्हणजे तुमच्या आधीच्या आर्किटेक्टने न काढलेला डबा आहे.

एका संस्थेत (नाव नको) एक मुलगा रोज सकाळी तीन फाइली उघडून बसायचा. एक स्विचची, एक कोअर बँकिंगची, एक एनपीसीआयकडून (यूपीआय चालवणारी संस्था) आलेली. तिन्ही आरआरएनवर (व्यवहाराच्या संदर्भ क्रमांकावर) जुळवायचा, व्हीलुकअप लावून. जुळेना ती ओळ पिवळी. मग पिवळ्या ओळींची वर्गवारी. आपल्याकडे नावे पडली पण स्विचच्या फाइलीत पत्ताच नाही, त्या 'अ'. स्विचने यशस्वी म्हटलं आणि एनपीसीआय म्हणतं टाइमआउट, त्या 'ब'. आणि 'क' म्हणजे, त्याच्याच शब्दांत, "कायतरी झोल". 'ब'वाल्यांचे पैसे तो एका सस्पेन्स खात्यात टाकायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचा. हा सगळा अल्गोरिदम त्याच्या डोक्यात होता आणि रंगांत होता. रजेवर जाताना तो शेजारच्याला रंग समजावून सांगायचा.

यूपीआयने पैसे पाठवताना ग्राहकाच्या खात्यातून गेले आणि समोरच्याला जमा झाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप उलटायला हवेत, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. म्हणजे पिवळ्या ओळीला रोजचं भाडं लागतं. मी त्या मुलाशेजारी बसले, प्रत्येक रंगासाठी 'याचं पुढे काय होतं' विचारत गेले, आणि त्यातून नव्या स्विचच्या व्यवहाराच्या अवस्था ठरल्या. आधीच्या डिझाइनमध्ये अवस्था दोनच होत्या, यशस्वी आणि अयशस्वी. 'माहीत नाही' ही तिसरी अवस्था कोणी धरलीच नव्हती, आणि पिवळ्या ओळी जवळजवळ सगळ्या तिच्याच होत्या.

तुमच्या क्लायंटकडे अशा एक्सेल असणारच. नॅशच्या (एनएसीएच, बँक खात्यातून हप्ते आपोआप वळते करणारी यंत्रणा) परताव्यांची, म्हणजे न वटता परत आलेल्या हप्त्यांची, एक नक्की असेल. शोधा.

---

हिंजवडी_बॅकएंड

ताई, प्रिंट काढून डेस्कवर लावलंय. पॅकेट, टीम दीड आहे. अर्धी टीम नोटिस पिरियडवर.

---

चाकण_एसएपी

जमाखर्च ताईंना +१. वाखूसा (वाचनखूण साठवली).

माझा धंदा पैशांचा नाही, गाड्यांच्या सुट्या भागांचा. पण 'माहीत नाही'वाली अवस्था आमच्याकडे ट्रकच्या रूपात गेटवर उभी असते, म्हणून लिहितोय.

ई-इनव्हॉइस १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरच्या उलाढालीला सुरू झालं, १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपर्यंत खाली आलं. माल बाहेर काढण्याआधी बिल सरकारी पोर्टलवर पाठवायचं, तिथून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड येतो, तो छापायचा, मगच सिक्युरिटीवाला फाटक उघडतो. आता आपण बिल पाठवलं आणि उत्तरच आलं नाही. झालं की नाही झालं? डिस्पॅचचा माणूस काय करणार, पुन्हा बटण दाबणार. पलीकडे लाइन थांबली तर ग्राहक कंपनी दंड लावते, त्याला कुठे धीर धरवतो.

इथे ज्याने आयआरएन डिझाइन केला त्याला सलाम. तो ६४ अक्षरी हॅश आहे, पुरवठादाराचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि त्याचा क्रमांक यांच्यापासून बनलेला. तेच बिल शंभरदा पाठवा, नवा आयआरएन मिळत नाही, डुप्लिकेट म्हणून परत येतं. म्हणजे पुन्हा बटण दाबणं सुरक्षित आहे. पण कधी? तुमच्या बाजूने बिलाचा क्रमांक तोच राहिला तरच! आमच्या जुन्या इंटरफेसमध्ये प्रत्येक प्रयत्नाला क्रमांकमालिकेतून नवा नंबर उचलला जायचा. पोर्टलच्या दृष्टीने दोन वेगळी बिलं, दोन्ही खरी. ट्रक एक, बिलं दोन, जीएसटी दोनदा. आयआरएन पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येतो, हे कोणाच्या लक्षात यायच्या आत ते उलटून जायचे. मग क्रेडिट नोट, मग ग्राहक कंपनीच्या लेखा विभागाशी महिनाभर मेलामेली.

उपाय अगदी साधा होता. नंबर आधी पक्का करून आपल्या डेटाबेसात लिहायचा, कमिट करायचं (नोंद कायम करायची), आणि मगच बाहेर फोन लावायचा. उत्तर नाही आलं तर त्याच नंबराने पुन्हा. क्रम बदलला, एवढंच.

अजून एक गंमत. १ जून २०२५ पासून पोर्टल बिलक्रमांकातली लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं एकच धरतं. ज्यांच्या दोन प्लांटच्या मालिकांत फरक फक्त अक्षराच्या आकाराचा होता, त्यांची धांदल विचारू नका. युनिक की ठरवताना 'एकच' कशाला म्हणायचं हेही समोरच्या सिस्टीमला विचारून घ्यावं लागतं, ते असं.

---

हिंजवडी_बॅकएंड

हे वाचून माझ्या चित्रातली एक गोष्ट टोचायला लागली. वसुली सर्व्हिस हप्ता घेते, आपल्या डेटाबेसात लिहिते, ग्राहकाला पावती देते आणि मग काफ्कावर इव्हेंट टाकते. लेखा सर्व्हिस तो उचलून जमा-नावे करते. पण पावती दिल्यावर आणि काफ्कावर टाकायच्या आत पॉड मेला तर? ग्राहकाकडे पावती, खतावणीत शून्य. यावर टू-फेज कमिट (दोन्हीकडची नोंद एकदमच पक्की करणं) हेच उत्तर ना?

---

जमाखर्च

टू-फेज कमिटच्या वाटेला जाऊ नका. काफ्का आणि ओरॅकल एकाच एक्सए (टू-फेज कमिटच्या मानक पद्धतीच्या) व्यवहारात बांधता येत नाहीत, आणि दोन डेटाबेस बांधलेत तरी मधला समन्वयक ऐनवेळी झोपला की दोन्हीकडे कुलपं लागून राहतात. हप्त्याच्या तारखेला सकाळी अकरा वाजता ते बघायची माझी परत इच्छा नाही.

हे काम पतसंस्थांनी कधीच सोडवलंय. पिग्मी माहितीये ना? सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली रोजच्या बचतीची योजना. आपल्याकडे अजून गावोगाव चालते. एजंट हातातलं मशीन घेऊन बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरतो, पन्नास, शंभर, दोनशे गोळा करतो, जागेवर पावती फाडून देतो. मशीन दिवसभर ऑफलाइन. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत येऊन डेटा उतरवायचा. पावती आधी, खतावणी नंतर, मधे एक रात्र. तुमचा काफ्का त्यापेक्षा जलद आहे, बाकी रचना तीच.

त्यात तीन गोष्टी होत्या. तुम्हालाही तिन्ही लागतील.

मशीन पावती छापायच्या आधी ती आपल्या मेमरीत लिहायचं. छापाई आणि नोंद वेगळ्या पडूच शकत नव्हत्या, नोंद नाही तर कागद नाही. तुमच्याकडे याला आउटबॉक्स म्हणतात. हप्त्याची ओळ आणि 'लेखाला कळवायचं आहे' ही ओळ, दोन्ही वसुलीच्याच डेटाबेसात एकाच कमिटमध्ये लिहा. काफ्कावर टाकायचं काम दुसरा प्रोसेस करेल, तो आउटबॉक्स टेबल वाचत बसेल. पॉड मेला तर उठल्यावर उरलेल्या ओळी पाठवेल. एखादी दोनदाही पाठवेल, कारण पाठवल्यावर आणि 'पाठवली' अशी खूण करायच्या आधीही तो मरू शकतो.

म्हणून दुसरी गोष्ट. शाखेतल्या क्लार्कला मशीन उतरवताना वीज गेली की झालं की नाही कळायचं नाही, तो पुन्हा उतरवायचा. एका शाखेत सबंध बाजारपेठेला एका दिवसाची बचत दोनदा जमा झाली होती, आणि मजा म्हणजे एकही दुकानदार तक्रार घेऊन आला नाही. नंतर टेबलावर मशीन क्रमांक, तारीख, पावती क्रमांक असा युनिक इंडेक्स लागला आणि दुसऱ्यांदा आलेली ओळ मुकाट्याने गळू लागली. तुमच्या लेखा सर्व्हिसने इव्हेंटचा क्रमांक खतावणीच्या नोंदीबरोबरच, त्याच कमिटमध्ये साठवायचा. वेगळ्या रेडिसमध्ये (झटपट साठ्यात) 'हा बघितला' अशी खूण ठेवतात काही जण, तिथे पुन्हा तोच मधे मरण्याचा प्रश्न.

तिसरी गोष्ट डेव्हलपर विसरतात. एजंट रोख मोजून द्यायचा आणि मशीनच्या बेरजेशी ती ताडली जायची. पावत्या इतक्या, रक्कम इतकी. जुळलं नाही तर त्या एजंटाचा दिवस बंद होत नसे. म्हणजे संदेश पोचवण्याच्या यंत्रणेवर विश्वास ठेवूनही, स्वतंत्र वाटेने बेरीज तपासली जायची. वर मी जो 'सगळं पाठवून झालं' निरोप म्हटलं तो हाच. आउटबॉक्स बरोबर चालतोय असं गृहीत धरू नका, रोज रात्री दोन्हीकडच्या बेरजा लावा आणि फरक निघाला तर डे-एंड अडवा.

आणि हो, काफ्कात क्रम फक्त एका पार्टिशनच्या (कप्प्याच्या) आत टिकतो. निरोप कुठल्या कप्प्यात जाईल ते ठरवणारी 'की' म्हणून कर्जखात्याचा क्रमांक द्या, नाहीतर हप्ता रद्द झाल्याचा निरोप हप्ता आल्याच्या निरोपाआधी पोचेल. पुढे कधी पार्टिशनची संख्या वाढवलीत तर तेच खातं वेगळ्या पार्टिशनवर जाऊ शकतं, तेव्हा ती सुरुवातीलाच हात सैल सोडून ठरवा.

---

एडिंबराकर

वाचनमात्र होतो, पण जुन्यातून नव्यात जाणार कसं हे कोणीच विचारलं नाही म्हणून लिहितो. नवी सिस्टीम कशी दिसेल यावर सगळे तासन्‌तास बोलतात. जायचं कसं, हे शेवटच्या स्लाइडवर 'मायग्रेशन' म्हणून येतं.

इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, टीएसबी बँकेची गोष्ट सार्वजनिक आहे, चौकशी अहवाल छापलेला आहे. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात त्यांनी जवळजवळ सगळे ग्राहक जुन्या प्लॅटफॉर्मवरून नव्यावर हलवले. सोमवारी लोकांना लॉगिन होईना, काहींना दुसऱ्यांची खाती दिसली. सगळं पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. डेटा नीट हलला होता, हे विशेष. कोसळला तो प्लॅटफॉर्म. दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार असं डिझाइन होतं, पण भाराच्या चाचण्या एकाच सेंटरवर झाल्या होत्या. दुसऱ्याची मांडणी थोडी वेगळी निघाली. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला एकूण ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला, आणि २०२३ मध्ये तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही व्यक्तिशः.

चित्रात दोन डेटा सेंटर म्हणजे दोन सारखे चौकोन. कॉपी-पेस्ट केलेले. ते खरोखर सारखे आहेत का, हे चित्र सांगत नाही.

तर हिंजवडी, एका रात्रीत हलवायचं कबूल करू नका. एखादं छोटं कर्जउत्पादन निवडा, खाती कमी, नियम सोपे. त्यातली फक्त नवीन कर्जं नव्या सिस्टीमवर उघडा. जुनी खाती जुन्यावरच फिटू द्या. आणि दोन्हीकडे डे-एंड चालवून खातेवार निकाल ताडत राहा, व्याज पैशापर्यंत. तुमचं पीएल-एसक्यूएल कुठेतरी विचित्र राउंडिंग करत असणार, आणि ते विचित्र राउंडिंग ग्राहकांच्या करारात उतरलेलं असणार.

---

पॅकेट_पाटील

राउंडिंगचं अगदी खरं. आम्ही जुन्या सिस्टीमचा 'बग' दुरुस्त केला तर लेखापरीक्षक म्हणाले, बग तुमचा असेल, व्याज आमचं आहे.

अवांतर: धाग्याचं नाव 'क्लायंटच्या बाईंना चहा पाजा' असं करा.

---

हिंजवडी_बॅकएंड

सगळ्यांचे आभार. आता शेवटचा बाळबोध प्रश्न. पुढच्या रिव्ह्यूला सुधारित चित्र न्यायचंय. सहा सर्व्हिसेस नकोत हे पटलं. मग किती ठेवू? आणि न ठेवण्याचं कारण क्लायंटला कसं सांगू? त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये 'मायक्रोसर्व्हिसेस' मोठ्या अक्षरात लिहिलंय.

---

जमाखर्च

टीम दीड असेल तर दोन.

एक मोठी, तिच्यात कर्जखातं, आकारणीचे नियम, वसुली आणि लेखा. आत भाग वेगळे ठेवा, एकाने दुसऱ्याच्या टेबलात हात घालायचा नाही. आज शिस्तीने वेगळे ठेवलेत तर उद्या तोडता येतील. पण डेटाबेस एक, तारीख एक, कमिट एक. वर आपण आउटबॉक्सवर एवढं बोललो ते निम्मं लागणारच नाही.

दुसरी सूचनांची. एसएमएस उशिरा गेला किंवा दोनदा गेला तर ताळेबंद हलत नाही, शिवाय हप्त्याच्या दिवशी तिथे एकदम भार येतो आणि एरवी ती रिकामी बसते. ती वेगळी वाढवता-कमी करता यावी हे कारण क्लायंटला पटेल. मंजुरीचा भाग त्यांनी नुकताच बाहेरून विकत घेतला असेल तर तो तसाही वेगळाच आहे. नसेल तर तूर्त हात लावू नका.

क्लायंटला सांगायचं कसं, तर प्रत्येक निर्णयासाठी एक पान लिहा. काय ठरवलं, तेव्हा परिस्थिती काय होती, कुठले पर्याय सोडले, आणि काय बदललं तर हा निर्णय पुन्हा उघडायचा. मायकेल नायगार्ड या सॉफ्टवेअर आर्किटेक्टने २०११ मध्ये ही पद्धत सुचवली, लोक तिला एडीआर (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड) म्हणतात. त्यातला शेवटचा भाग नीट लिहा: 'वसुलीसाठी स्वतंत्र टीम झाली की वसुली वेगळी काढू.' मोठ्या अक्षरांवर वाद घालायची गरज पडत नाही, ती अक्षरं नंतरच्या पानावर गेली एवढंच दिसतं.

चित्र नेण्याआधी एक काम करा. नॅशची रिटर्न फाइल सकाळी कोण उचलतं, किती वाजता, आणि ज्या हप्त्याला काल पावती गेली तो आज परत आला तर कुठल्या तारखेने उलटवतात, हे त्या माणसाशेजारी बसून बघून या. मग इथे लिहा, तिसऱ्या सर्व्हिसचं तेव्हा बोलू.